बुरशीतून उद्योग उभारणारा रसायनशास्त्रज्ञ

भाकरीला बुरशी आली की ती फेकून देण्याची आपली रीत. जपानमध्ये मात्र वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम एक बुरशी वाढवून त्यापासून मद्य तयार करण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे. बुरशी चढलेल्या या धान्याला तेथे ‘कोजी’ म्हणतात. त्यातूनच आधुनिक विकरनिर्मितीचा, म्हणजे एन्झाइम उद्योगाचा पाया घातला तो जोकिची ताकामिने यांनी.

ताकामिने यांचा जन्म ३ नोव्हेंबर १८५४ रोजी ताकाओका येथे झाला. वडील वैद्य, तर आईचे माहेर मद्यनिर्मात्यांचे. टोकियोत आणि पुढे ग्लासगोत त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. १८८७ मध्ये कॅरोलिन हिच या अमेरिकन तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि १८९० मध्ये ते अमेरिकेत गेले.

व्हिस्कीसाठी तेथे बार्लीला मोड आणून माल्ट केला जाई. मोडातील विकर धान्यातील पिष्टाची साखर करते आणि त्या साखरेचे मद्य बनते. मोडाचे हे काम ताकामिने यांनी बुरशीकडे सोपवले. तीही त्यांनी महागड्या धान्यावर नव्हे, तर गव्हाच्या स्वस्त कोंड्यावर वाढवली. साहजिकच माल्टचे व्यापारी धास्तावले. १८९१ मध्ये पिओरिया येथील त्यांचा कारखाना आगीत भस्मसात झाला. घातपाताचा संशय व्यक्त झाला, पण तो सिद्ध झाला नाही. त्यातच यकृताच्या विकाराने त्यांना गाठले. पुढे व्हिस्कीची योजनाही बारगळली.

ताकामिने यांनी मात्र बुरशीची साथ सोडली नाही. मद्यासाठी पिष्ट विरघळवणारे विकर पोटातील अन्नही पचवू शकेल, हे त्यांनी हेरले. कोंड्यावरील बुरशीचा अर्क पाण्यात काढून त्यात अल्कोहोल मिसळले की विकर साक्याच्या रूपाने वेगळे होई. या पद्धतीचे अमेरिकन पेटंट त्यांना १८९४ मध्ये मिळाले. सूक्ष्मजीवजन्य विकराचे ते अमेरिकेतील पहिले पेटंट मानले जाते. ‘टाका-डायस्टेज’ या नावाने पार्क-डेव्हिस कंपनीने विकलेले हे पाचक औषध कमालीचे लोकप्रिय झाले.

१९०० मध्ये सहकारी केइझो उएनाका यांच्यासह त्यांनी ॲड्रेनलिन शुद्ध स्फटिकरूपात मिळवले. वॉशिंग्टनला १९१२ मध्ये भेट मिळालेल्या चेरीच्या झाडांमागेही त्यांचे साहाय्य होते. २२ जुलै १९२२ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

पाव, फळांचे रस आणि औषधे यांसाठी आज बुरशीपासून विकरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. व्हिस्कीच्या कारखान्यात अपयशी ठरलेल्या प्रयोगाचेच हे यश आहे.