लहान खोक्यातला खर्ज

घर लहान, सामान फार आणि गाण्याची हौस त्याहून मोठी, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अवस्था असते. कपाटाच्या फळीवर, पुस्तकांशेजारी मावतील एवढेच स्पीकर घरात येऊ शकतात. साध्या जोडीवर मग डग्गा घुमत नाही, नुसता टपटपतो, आणि तानपुऱ्याचा खर्ज कुठे जातो कळत नाही. चांगल्या जोडीतून मात्र तेवढ्याच खोक्यातून तो खर्ज येतो. ही किमया घरोघरी पोचवणाऱ्यांत हेन्री क्लॉस या अमेरिकन माणसाचे नाव फार वरचे आहे.

क्लॉस यांचा जन्म १९२९ साली पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावी झाला. ते एम.आय.टी. या नामवंत संस्थेत शिकायला गेले, पण पदवी काही पुरी झाली नाही. त्याऐवजी सुतारकामाची हत्यारे घेऊन ते स्पीकरची लाकडी खोकी बनवू लागले. पुढे लष्करात भरती व्हावे लागले. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये एडगर व्हिल्चर यांच्या ध्वनिविषयक वर्गाला ते जाऊ लागले आणि गुरू-शिष्यांची गाठ पडली.

त्या काळी खर्ज हवा, तर कपाटाएवढे खोके घरात आणावे लागे. व्हिल्चर यांची कल्पना वेगळी होती. स्पीकरचा पडदा ताठ न बांधता अगदी सैल ठेवायचा आणि खोके हवाबंद करायचे. पडदा आत गेला की कोंडलेली हवा दाबली जाते आणि तीच त्याला स्प्रिंगसारखी परत ढकलते. हवेची स्प्रिंग धातूच्या वा कापडाच्या स्प्रिंगपेक्षा इमानी. त्यामुळे खर्ज खोल आणि स्वच्छ येतो. १९५४ साली दोघांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि ‘एआर-१’ हा स्पीकर बाजारात आणला. एकट्याला उचलता येईल एवढे ते खोके होते!

पण निसर्ग फुकट काही देत नाही. १९५७ साली क्लॉस यांनी माल्कम लो आणि अँटन हॉफमन यांच्याबरोबर ‘केएलएच’ ही नवी कंपनी काढली. हॉफमन हे थोर पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. स्पीकरच्या दुनियेतला एक कठोर नियम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. लहान खोके, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. खर्ज तेवढाच ठेवून खोके निम्मे केले, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वीज लागते. खोके तेवढेच ठेवून खर्ज एक सप्तक खाली नेला, तर आठपट!

क्लॉस यांनी सोडला तो आवाजाचा मोठेपणा. खर्ज सोडला नाही. ट्रान्झिस्टरमुळे अॅम्प्लिफायरची ताकद स्वस्त होत गेली आणि हा सौदा सामान्य कुटुंबाच्या फायद्याचा ठरला. १९६७ साली त्यांनी ‘अॅडव्हेंट’ कंपनी काढली. तिथल्या मोठ्या स्पीकरनंतर धाकटा भाऊ आला, तेव्हाही त्यांनी तेच केले. खोके लहान, किंमत कमी, खर्ज मोठ्याएवढाच; फक्त वीज जास्त लागायची.

मला हा माणूस आवडतो तो यासाठी. काय सोडायचे हे त्याला ठाऊक होते. आपण मात्र स्पीकर सुधारायला निघतो तेव्हा नेमके हेच विसरतो. बासचे बटण पूर्ण फिरवले की अॅम्प्लिफायर धापा टाकतो, पण नियम काही वाकत नाही. माझ्याकडच्या जुन्या जोडीच्या पडद्याभोवतीची फोमची कड भुगा होऊन गळाली होती. ती बदलून घेतली, उंच-खालचे सूर वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमधले म्हातारे कपॅसिटर बदलले आणि जोडी पुन्हा बोलू लागली. असे खोके उघडलेत, तर ते पुन्हा पक्के हवाबंद करायला विसरू नका. फट राहिली की हवेची स्प्रिंग गेलीच! आणि पैसे खर्चण्याआधी स्पीकर भिंतीजवळ सरकवून पाहा. खर्ज फुकटात वाढतो. कोपऱ्यात मात्र तो अनेकदा नको इतका घुमतो.

क्लॉस एका जागी रमले नाहीत. अॅडव्हेंटमध्ये त्यांनी घरासाठी मोठ्या पडद्याचा प्रोजेक्शन टीव्ही बनवला, पुढे तीही कंपनी सोडली. १९८८ साली ‘केंब्रिज साउंडवर्क्स’ काढून त्यांनी त्या जुन्या नियमाला वेगळी बगल दिली. उंच सुरांची दोन चिमुकली खोकी फळीवर ठेवायची आणि खर्जाची खोकी सोफ्यामागे दडवायची. सत्तरी ओलांडल्यावर, २००० साली, त्यांचा एक साधा, एकाच स्पीकरचा टेबल-रेडिओ ‘टिव्होली’ या नावाने आला. २००२ साली ते वारले.

नवे स्पीकर घ्यायला जाल, तेव्हा दुकानदार तिन्ही गोष्टींचे वचन देईल. तुम्ही मात्र घरूनच ठरवून निघा, की तिघांतली कोणती सोडायची. आवाजाने शेजारी जागे व्हायला हवेत, की डग्ग्याचा घुमारा आपल्या खोलीत भरून राहायला हवा? क्लॉस यांनी आपल्यासारख्या घरांसाठी उत्तर कधीच देऊन ठेवले आहे.