लढ्याच्या मध्यावर वेल्लोरचा मुक्काम

लोकनायक जयप्रकाश नारायण यांचे नाव निघाले की पाटण्याचे गांधी मैदान आणि संपूर्ण क्रांतीची हाक आठवते. मात्र त्या हाकेच्या काही आठवडे आधी जेपी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात होते, याचे स्मरण फारसे कोणी ठेवत नाही. तेथे त्यांच्यावर प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. साठी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाने त्यांच्या आयुष्याचे हे पान अवश्य वाचावे.

जयप्रकाशजींचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी बिहारमधील सिताबदियारा येथे झाला. १९२० मध्ये प्रभावतीदेवींशी विवाह झाल्यावर १९२२ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि मिळेल ते काम करीत तेथील विद्यापीठांत शिकले. १९२९ मध्ये मार्क्सवादी होऊन मायदेशी परतले, तेव्हा वर्ध्याला त्यांची गांधीजींशी भेट झाली. विदर्भाशी त्यांचे नाते असे आरंभापासूनचे. १९३२ मध्ये अटक झाल्यावर नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे यांचा सहवास लाभला. त्याच चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष आकाराला आला. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले आणि तरुणांचे दैवत झाले. स्वातंत्र्यानंतर सत्तेची वाट न धरता १९५४ मध्ये त्यांनी भूदान चळवळीला जीवनदान केले. १९७२ मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्या प्रयत्नांमुळे शस्त्रे खाली ठेवली.

१९७३ च्या एप्रिलमध्ये प्रभावतीदेवी कर्करोगाने गेल्या. एकाकी झालेल्या, मधुमेह जडलेल्या ७१ वर्षांच्या जेपींकडे पुढच्याच वर्षी बिहारचे विद्यार्थी नेतृत्व मागायला आले. ८ एप्रिल १९७४ रोजी पाटण्यात त्यांनी मूक मोर्चा काढला. त्यानंतर गयेत गोळीबार झाला आणि आंदोलन पेटले. नेमक्या याच वेळी प्रोस्टेटच्या दुखण्याने उचल खाल्ली.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी तिचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. चाळिशीनंतर पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते आणि ऐंशीनंतर बहुतेकांत. ग्रंथी फुगली की मधला मार्ग आवळला जातो. लघवीची धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब थेंब गळत राहते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. साचलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, खडे धरतात. एखाद्या दिवशी लघवी पूर्ण तुंबते आणि रबरी नळी घालावी लागते. मागचा दाब वर चढत राहिला तर मूत्रपिंडांनाही इजा पोहोचते.

जेपींनी आंदोलन ऐन भरात असताना एप्रिलअखेरीस वेल्लोर गाठले. नेता रणांगणावर नसेल तर चळवळ ओसरेल, ही भीती सहकाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते. पण शस्त्रक्रिया झाली, विश्रांती झाली आणि जून उजाडताच ते पाटण्यात परतले. ५ जून १९७४ रोजी गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची घोषणा केली. चळवळ ओसरली नव्हती.

याच दुखण्याने ११ वर्षांपूर्वी ब्रिटनचे राजकारण फिरवले होते. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांना ऑक्टोबर १९६३ मध्ये अचानक त्रास झाला, शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी पद सोडले. गाठ कर्करोगाची नव्हती. ते पुढे २३ वर्षे जगले.

जेपींचे पुढचे दिवस मात्र खडतर होते. नोव्हेंबर १९७४ मध्ये पाटण्यात लाठीमार झाला, तेव्हा मराठवाड्याच्या कडोलीत जन्मलेले नानाजी देशमुख त्यांच्या अंगावर ढाल होऊन उभे राहिले. २६ जून १९७५ च्या पहाटे जेपींना अटक झाली. चंदीगडच्या स्थानबद्धतेत प्रकृती ढासळली आणि नोव्हेंबरमध्ये सुटका झाली, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झाल्याचे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात स्पष्ट झाले. त्याच्या कारणांवरून पुढे वादही झाले आणि जनता सरकारने चौकशी आयोग नेमला. अखेरपर्यंत डायलिसिस त्यांच्या सोबतीला राहिले. त्या अवस्थेतच त्यांनी विरोधकांची मोट बांधली आणि १९७७ चे सत्तांतर घडवले. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची चुकीची बातमी थेट लोकसभेत जाहीर झाली. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

आज उपचार पुष्कळ सुकर झाले आहेत. सोनोग्राफीने ग्रंथीचा आकार आणि मागे उरणारी लघवी मोजता येते. पीएसए ही रक्ततपासणी व डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी यांमुळे कर्करोगाची शंका तपासता येते. साधी वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, मात्र दोन्ही एकाच वेळी असू शकतात. अनेकांना केवळ गोळ्यांनी आराम पडतो. गरज पडल्यास दुर्बिणीने किंवा लेसरने, पोटावर छेद न घेता ग्रंथीचा अडसर दूर करतात. सर्दीच्या काही औषधांनी लघवी तुंबू शकते, हेही वयस्करांनी ध्यानात ठेवावे.

तरीही त्रास अंगावर काढण्याची सवय सुटत नाही. पहाटे कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आलेला वयस्कर शेतकरी असो वा नागपुरातला निवृत्त कारकून, रात्रीच्या चार फेऱ्यांविषयी तो मुलाशी बोलत नाही आणि डॉक्टरांकडेही जात नाही. वय झाले की हे चालायचेच, अशी स्वतःची समजूत घालतो. संकोचाची किंमत मात्र मूत्राशय आणि मूत्रपिंडे मोजतात. ज्याच्या शब्दाची सारा बिहार वाट पाहत होता, त्या माणसाने या दुखण्यासाठी काही आठवडे बाजूला काढले. एक सकाळ काढून डॉक्टरांना भेटणे आपल्यालाही जड जाऊ नये.