पाणी देणारा आणि पाणी आवरणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांतून अभियंता दिनाची तयारी सुरू होते. मुलं भाषणं पाठ करतात. त्यात कृष्णराजसागर धरण असतं, भारतरत्न असतं. पण विश्वेश्वरय्यांच्या उमेदीची चोवीस वर्षं मुंबई इलाख्याच्या नोकरीत, बरीचशी आपल्या महाराष्ट्रात गेली, आणि त्यांचं एक फार मोठं काम आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या पाटपाण्यावर झालं, हे मात्र राहून जातं. आजचा पाठ त्यावर.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६० रोजी म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील संस्कृतचे पंडित, घरची स्थिती बेताची. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी बी.ए. केलं. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) आले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

पहिली नेमणूक नाशिक-खानदेश भागात. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या भागात नळातून पाणी पलीकडे नेणारा सायफन त्यांनी ऐन पावसाळ्यात उभा केला. या पांझरेकाठी शेतकऱ्यांची जुनी फड पद्धत होती. नदीवर लहान बंधारा, त्यावरून पाट, आणि गावाच्या शिवाराचे तीन-चार फड म्हणजे मोठे तुकडे. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस एखाद्या फडात, बाकीच्यांत कमी पाण्याची पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी गावानेच नेमायचा. तरुण अभियंत्याची नोकरी सुरू झाली ती या मुलखात.

पुढे सिंधमधल्या सक्करचा पाणीपुरवठा वगैरे कामं करून १८९९ च्या सुमारास ते पुण्यात आले. तेव्हा मुठा आणि नीरा हे कालवे वाहत होते. नीरेचा डावा कालवा १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर बांधलेला. हेतू असा की पाऊस दगा देतो त्या गावांना पाणी मिळावं. पण झालं काय, तर कालव्याच्या तोंडाशी असलेले शेतकरी उसाला भरमसाट पाणी घ्यायचे आणि शेपटाकडची गावं कोरडीच राहायची. तोंडाशी असलेल्यांचंही भलं होत नव्हतं. तिथल्या जमिनी पाणथळ व्हायला लागल्या, हिवताप वाढला.

हे का होतं, ते मुलांना नीट समजावून सांगा, कारण पाठाचा गाभा हाच आहे. खोल काळ्या जमिनीतून पाणी सावकाश झिरपतं. वरून सतत ओतत राहिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी चढत जाते. ती मुळांपर्यंत आली की मुळांना हवा मिळत नाही. कडक उन्हाने वरचं पाणी वाफ होऊन उडून जातं, पण त्यातले क्षार तिथेच राहतात. जमिनीवर पांढरट थर दिसू लागतो. जमीन खारपड झाली! जास्त पाऊस पडतो तिथे हे क्षार धुऊन जातात. कोरड्या मुलखात ते साचतच राहतात. म्हणून पाणी आणण्याइतकंच ते बेताने देणं आणि जादा पाणी चर काढून बाहेर घालवणं महत्त्वाचं.

विश्वेश्वरय्यांनी यावर गट पद्धत (ब्लॉक सिस्टिम) काढली. कालव्याचं पाणी जास्तीत जास्त गावांत वाटायचं, पण प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचे ठरावीक गट आखूनच ते द्यायचं. गटाच्या साधारण एक तृतीयांश भागात ऊस, बाकी भागात कमी पाण्याची पिकं, आणि त्यांची फेरपालट. बदल्यात सरकारने काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची. फड पद्धतीशी याचं साम्य चटकन लक्षात येतं. मनाला येईल तेव्हा पाणी घ्यायची सवय झालेल्या शेतकऱ्यांनी सुरुवातीला विरोध केला. पण त्याच पाण्यात जास्त गावं भिजतात, हे हळूहळू पटलं. १९०१ मध्ये भारतीय जलसिंचन आयोगापुढेही त्यांनी ही पद्धत मांडली.

याच काळात खडकवासल्याच्या धरणावर त्यांची स्वयंचलित दारं बसली. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की दारं आपोआप उघडत, पूर उतरला की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला.

१९०६ मध्ये सरकारने त्यांना एडनला पाठवलं. तिथे पाऊस नावापुरता. पिण्याचं पाणी आणि सांडपाणी या दोन्हींची योजना त्यांनी आखून दिली. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादसाठीही पूरनियंत्रण आणि गटारव्यवस्था त्यांनीच सुचवली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण होते. कृष्णराजसागराच्या पाण्यावर मंड्या भागात गट पद्धत पुन्हा वापरली गेली. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १४ एप्रिल १९६२ रोजी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी ते गेले.

आता खरं सांगायचं तर गट पद्धतीने प्रश्न कायमचा सुटला नाही. दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनी खराब होतच राहिल्या. १९१६ मध्ये मुंबई सरकारला सिंचनाच्या अभ्यासासाठी खास विभाग काढावा लागला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. आपल्या ऊसपट्ट्यातल्या किती गावांत आजही क्षारपड जमिनी आहेत, ते पालकांना ठाऊकच आहे.

वर्गात एक सोपा प्रयोग जरूर करून घ्या. दोन कुंड्या घ्या, एकीच्या तळाला भोक ठेवा, दुसरीचं बुजवा. दोन्हींत एकच रोप लावा आणि रोज चिमूटभर मीठ घातलेलं सारखंच पाणी द्या. काही आठवड्यांनी रोपं आणि मातीचा रंग यांची नोंद मुलांना वहीत करू द्या. आणि मग विचारा, विश्वेश्वरय्या शेतकऱ्यांना पाणी मोजून का देत होते?