डॉ. शरदकुमार दीक्षित : दुभंगलेले ओठ जोडणारे डॉक्टर

डॉ. शरदकुमार दीक्षित यांचा जन्म १९३० साली पंढरपूरला झाला. पुढे ते अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून ते भारतात येऊन दुभंगलेल्या ओठांच्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया करू लागले. पुण्यातही त्यांची शिबिरं भरायची. अपघातात शरीर अधू झालं, कर्करोगाने आवाज गेला, तरी व्हीलचेअरवर बसून ते येतच राहिले. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्यांचं निधन झालं.

ओठ दुभंगलेला का राहतो? पोटातल्या बाळाचा चेहरा एकदम तयार होत नाही. दोन्ही बाजूंचे आणि मधले उंचवटे वाढत वाढत एकमेकांना जुळतात. वरचा ओठ गर्भ राहिल्यापासून साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो. कधी हे जुळणं अपुरं राहतं. तेव्हा कित्येक आयांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं!

पिंपरी-चिंचवड, चाकणला गावोगावची कुटुंबं राहतात. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, हा समजही आपल्याकडे जुनाच. ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. असं मूल दिसलं तर आईला बोल लावू नका, डॉक्टरांचा रस्ता दाखवा. ओठ जोडता येतो, हे दीक्षितांनी हजारो मुलांच्या चेहऱ्यावर दाखवून दिलं आहे.