आईच्या तोंडून शिकलेली रमा

आमच्या निपाणीच्या घरात यंदा बाळ आलं. दादाची मुलगी, आता सात महिन्यांची. दिवाळीला बेळगावहून घरी गेले तर घर जरा गप्पच वाटलं. कुणीतरी दादा-वहिनीला सांगितलं होतं की बाळाशी पहिल्यापासून इंग्रजीतच बोला. दोन-तीन भाषा कानावर पडल्या की मूल गोंधळतं, उशिरा बोलतं. आमच्या आजीने निम्मी हयात विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, शेजारी पोर. हात चालू तसं तोंडही चालू. बाबा आणि आत्या त्याच बोलण्यात मोठे झाले. आजीचं माहेर संकेश्वरचं, म्हणून तिच्या मराठीत मधेच कानडी येतं. इंग्रजी काही तिला येत नाही. मग ती बाळाला घ्यायची, डोलवायची, पण बोलायची नाही. मला ते बघवेना.

सुट्टीनंतर मंडळात पंडिता रमाबाईंवर बोलायचं माझ्याकडे होतं. तयारी करायला बसले आणि आजीच डोळ्यांपुढे यायला लागली.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. ती जागा आज आपल्याच कर्नाटकात, चिक्कमगळूर जिल्ह्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने ते घर सोडलं. एका माणसाच्या डोक्यावर वेताची पेटी होती आणि तिच्यात ही पोर. पुढे सगळी वर्षं तीर्थयात्रेत गेली. देवळात पुराण सांगायचं, मिळेल ते खायचं, पुढच्या गावाला निघायचं.

रमा कुठल्याच शाळेत गेली नाही. पहाटे, दिवसाचं काम सुरू व्हायच्या आत, आई तिला उठवायची आणि तोंडी शिकवायची. आईने म्हणायचं, लेकीने मागून म्हणायचं. असे हजारो श्लोक पाठ झाले. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की मराठी त्यांना कुणी रीतसर शिकवली नाही. आईवडील घरात नीट मराठी बोलत, ते ऐकून आणि पुढे वर्तमानपत्रं-पुस्तकं वाचून ती आली. कानडी, हिंदुस्थानी आणि बंगालीही अशाच, फिरता फिरता आल्या. म्हणजे संस्कृत मुद्दाम शिकवलेली, आणि मराठी नुसती कानावर पडलेली. इतक्या भाषा कानावर पडूनही ही मुलगी गोंधळली नाही.

पुढचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायी हिंडत 1878 साली ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न झालं. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा झाली, आणि ती वर्षाची व्हायच्या आत वडील गेले. 1883 मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1886 मध्ये अमेरिकेत गेल्यावर फ्रोबेलची बालवाडीची पद्धत त्या स्वतः शिकल्या. गाणं, खेळ आणि हातातल्या वस्तू यांतून लहान मूल शिकतं, ही गोष्ट त्यांना लगेच पटली असणार. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन निघालं. दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीची भाषांतरं त्यांना साध्या बायकांना जड वाटत होती. घरात बोलतात तशी मराठी त्यांना हवी होती. जिला सगळं संस्कृत मुखोद्गत होतं, तिने शेवटी चुलीपाशी बोलली जाणारी मराठी निवडली. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

या निमित्ताने मी बाळांच्या भाषेबद्दलही वाचलं. मूल पोटात असतानाच आईचा आवाज ऐकतं आणि जन्मल्यावर ओळखतं. बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप चढा होतो, लय संथ होते, एकच शब्द आपण पाचदा म्हणतो. मग थांबतो. बाळ काहीतरी पुटपुटतं, आपण त्याला उत्तर देतो. याच देवाणघेवाणीतून भाषा येते. टीव्हीसमोर बसवून ती तशी येत नाही, कारण पडदा उत्तर देत नाही. पहिल्या महिन्यांत बाळाला कुठल्याही भाषेतले बारीक फरक ऐकू येतात, वर्षाच्या आसपास कान आपल्या माणसांच्या भाषांकडे वळतो. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन च, कानडीतले ऱ्हस्व आणि दीर्घ ए, हे सगळं बाळ आजीकडूनच गोळा करत असतं. आणि दोन भाषा ऐकल्याने मूल मागे पडतं, याला आधार नाही.

हे सगळं मी फोनवर वहिनीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. इंग्रजी सोडायची नाही असं तिचं म्हणणं, आणि तेही मला चुकीचं वाटलं नाही. वहिनीला येते ती इंग्रजी तिने बोलावी, आजीला येतं ते आजीने. फक्त कुणी गप्प बसू नये.

नाताळच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आजी अंगणात उन्हाला बसली होती, मांडीवर बाळ. ती त्याला कावळा दाखवत होती, आधी मराठीत, मग कानडीत, मग थांबून त्याच्या तोंडाकडे बघत. बाळाने एक लांबलचक हुंकार दिला. आजीने त्याला उत्तर दिलं.