द्रवरूप क्षाराचा शोधक : पॉल वाल्डेन

पोलादाच्या पत्र्यांवरील गंज काढण्यासाठी कारखान्यांत ते हायड्रोक्लोरिक आम्लात बुडविले जातात. गंज निघाल्यावर मात्र तेच आम्ल पोलादालाही खाऊ लागते. हे थोपविण्यासाठी आम्लात अल्प प्रमाणात गंजरोधके मिसळतात. या कामासाठी अलीकडे ज्या आयनी द्रवांचा कसून अभ्यास होत आहे, त्यांच्या इतिहासाच्या प्रारंभी पॉल वाल्डेन यांचे नाव घ्यावे लागते.

वाल्डेन यांचा जन्म २६ जुलै १८६३ रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील लाटव्हियात एका शेतकरी कुटुंबात झाला. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. पुढे रीगा येथील तंत्रशिक्षण संस्थेत विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचे मार्गदर्शन लाभले आणि तेथेच ते प्राध्यापक झाले. मॅलिक आम्लाचा रेणू अभिक्रियेत आरशातील प्रतिमेसारखा उलटतो, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखविले. ‘वाल्डेन व्युत्क्रमण’ या नावाने ते आजही शिकविले जाते.

१९१० मध्ये ते पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. क्षारांच्या विद्युतवाहकतेचा अभ्यास करताना त्यांना कमी तापमानाला वितळणारे क्षार हवे होते. साधे मीठ वितळण्यास ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. १९१४ मध्ये त्यांनी वर्णिलेले इथिलअमोनियम नायट्रेट अवघ्या १२ अंशांना वितळत होते. या शोधाकडे त्यावेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही.

क्रांतीनंतरच्या धामधुमीत, १९१९ मध्ये ते जर्मनीत गेले व रॉस्टॉक विद्यापीठात स्थिरावले. १९४२ च्या बॉम्बवर्षावात त्यांचा दहा हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह भस्मसात झाला. तरीही खचून न जाता, उतारवयात त्यांनी ट्यूबिंगेन येथे रसायनशास्त्राचा इतिहास शिकविला. २२ जानेवारी १९५७ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हवा आणि आर्द्रतेत टिकणारे आयनी द्रव १९९२ मध्ये तयार झाले आणि या विषयाला वेग आला. त्यांतील इमिडॅझोलियम वर्गातील धनभारित आयन आम्लातील पोलादाच्या पृष्ठभागाला चिकटतात. त्यांच्या लांब कार्बनी शेपट्यांचा पातळ थर आम्लाला दूर ठेवतो. वाल्डेन यांचा हेतू गंज रोखण्याचा नव्हता. उपयोगाची अपेक्षा न ठेवता केलेले मूलभूत संशोधन पुढच्या पिढ्यांच्या कामी कसे येते, याचा मात्र त्यांचे कार्य हा बोलका दाखला ठरतो.