ब्रूस मॅक्लारेन

शर्यतीची मोटार म्हणजे श्रीमंतांचा षोक, असा समज आमच्या नागझिरा भागातील मुलांचा असेल, तर त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

ब्रूस मॅक्लारेन यांचा जन्म 1937 साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. नवव्या वर्षी खुब्याच्या विकाराने त्यांस सुमारे दोन वर्षे अंथरुणास खिळविले. डावा पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांचा मोटारदुरुस्तीचा कारखाना होता. त्यांनी सुटे भाग झालेली एक जुनी ऑस्टिन सेव्हन 110 पौंडांस विकत आणली. ती दुरुस्त करून विकावी, हा त्यांचा विचार होता. परंतु ब्रूसने ती हट्टाने ठेवून घेतली. पितापुत्रांनी भागास भाग जोडून गाडी उभी केली, आणि शाळकरी वयातच ब्रूस तीतून चढणीच्या शर्यतीत उतरले.

पुढे 1959 साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकेची ग्रां प्री जिंकिली. 1963 साली स्वतःचा संघ स्थापिला आणि 1968 साली स्वनामांकित गाडीतून बेल्जियमची शर्यत मारिली.

नागझिरा अभयारण्य झाले त्याच 1970 सालच्या 2 जून रोजी, इंग्लंडात नवी गाडी पारखीत असता, त्यांचा अपघाती अंत झाला. वय अवघे 32 होते.

मोडक्या वस्तूचा प्रत्येक भाग स्वहस्ते ओळखणे, हेच त्यांचे पहिले भांडवल होय, असे आम्हांस वाटते.